प्रकरण सातवे : गळ्याचे हाड अजून का जुळत नाही?

“सहा आठवड्यांत जुळेल असे आपणच म्हणाला होता, आता तीन महिने होत आले, तरी फोटोत फट दिसतेच आहे, हे कसे?” हा प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणारा मनुष्य बहुधा दुचाकीवरून घसरून, अथवा कबड्डीच्या मैदानात, अथवा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर खांद्याच्या भारावर आपटलेला असतो. प्रश्न सरळ असला तरी त्याच्या पोटात इतर अनेक प्रश्न दडलेले असतात. पट्टा सैल बांधला गेला काय, झोपेत आपण त्याच कुशीवर वळलो म्हणून हाड सरकले काय, नाचणी-दूध कमी पडले काय, की मुळात डॉक्टरच चुकला, अशी शंकांची मालिका सुरू होते. आणि समाचाराला येणारे आप्तेष्ट ‘आमच्या अमक्याचे तर महिन्याभरात जुळले’ असा दाखला देऊन तीत भर घालतात.

या प्रकरणात मला मुख्यतः एकच भेद स्पष्ट करावयाचा आहे. हाड सावकाश जुळत असणे ही एक अवस्था आणि ते जुळण्याचे थांबलेले असणे ही दुसरी. पहिलीत धीर धरणे हाच उपाय असतो. दुसरीत नुसता धीर धरून काहीच साधत नाही, तेथे निर्णय घ्यावा लागतो. फोटो हाती घेऊन चिंता करणाऱ्या मनुष्याला हा भेद क्वचितच कोणी नीट समजावून सांगतो, आणि त्यामुळे तो पहिल्या अवस्थेत असताना घाबरून नाना उपाय करतो व दुसऱ्या अवस्थेत गेल्यावर मात्र दैवावर हवाला ठेवून स्वस्थ बसतो.

१. हाडाची जागा आणि त्याचे काम

सदऱ्याच्या गळपट्टीच्या दोन्ही अंगांस बोटांनी चाचपले असता कातडीखाली लगेच लागणारे, सुमारे सहा इंच लांबीचे, किंचित नागमोडी असे हे हाड आहे. दवाखान्यात त्यास ‘कॉलर बोन’ म्हणतात, शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘जत्रुक’ म्हणतात, आणि घरात ‘गळ्याचे हाड’ एवढे म्हटले तरी पुरते. त्याचे आतले टोक छातीच्या मधल्या हाडाला आणि बाहेरचे टोक खांद्यामागील पसरट हाडाच्या शिंगासारख्या टोकाला जोडलेले असते. आपला संपूर्ण हात धडाशी हाडाच्या मार्गाने जोडणारा दुवा असा हा एवढाच आहे; बाकी सारा हात स्नायूंच्या आधाराने धडाला लटकलेला असतो. खांदा छातीपासून दूर धरून ठेवावा म्हणजे हात मोकळेपणाने वर, मागे, बाजूला फिरेल, हे या हाडाचे मुख्य कर्तव्य.

हाडाचा बाक मध्यभागी दिशा बदलतो. तेथेच ते सर्वांत बारीक असते आणि स्नायुबंधनांचे संरक्षणही तेथे सर्वांत तोकडे असते. म्हणून दर चार मोडींपैकी जवळपास तीन मधल्या तिसऱ्या हिश्शात होतात. मोड झाली की दोन्ही तुकडे आपापल्या ठिकाणी पडून राहत नाहीत. मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताचे वजन बाहेरचा तुकडा खाली खेचते, आणि छातीचे स्नायू त्यास आतल्या बाजूस ढकलतात. परिणामी टोके एकमेकांवर चढतात, खांदा आखूड होतो आणि कातडीखाली उंचवटा दिसू लागतो.

आता या हाडाची खरी अडचण लक्षात यावी. मनगट मोडले तर त्यास प्लास्टरच्या नळीत घालून निश्चल करता येते. पण गळ्याचे हाड नळीत घालावयाचे तर मान, छाती आणि खांदा यांना एकदमच कोंडावे लागेल. तसे शक्य नसल्यामुळे हे हाड श्वासाच्या प्रत्येक हालचालीबरोबर, खोकल्याबरोबर, कूस बदलण्याबरोबर थोडेथोडे हलत असतानाच जुळते. ते इतक्या लोकांत विनातक्रार जुळते हेच वास्तविक आश्चर्य आहे.

गर्भावस्थेच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, शरीरातील इतर कोणत्याही हाडाच्या आधी, याचे हाडात रूपांतर होण्यास आरंभ होतो. आणि त्याच्या आतल्या टोकाची वाढ मात्र विशी ओलांडल्यावर, कित्येकांत पंचविशीच्या सुमारास, पूर्ण होते. लहान मुलांत या हाडाभोवतीचे आवरण जाड व रक्ताने समृद्ध असते, म्हणून पाळण्यातून अथवा झाडावरून पडलेल्या मुलाचे हाड न जुळल्याचे उदाहरण विरळाच.

हाडाच्या लगत खालून हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचे जाळे जाते. त्यांना इजा होणे दुर्मिळ आहे. पण इंग्लंडचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील १८५० च्या जून महिन्यात लंडनमध्ये घोड्यावरून पडले, त्यांचे गळ्याचे हाड मोडले आणि तीन दिवसांनी त्यांचा अंत झाला, त्याचे कारण मोडलेल्या हाडाखालची रक्तवाहिनी फाटणे हेच असावे, असा तर्क वैद्यकाच्या इतिहासकारांनी केलेला आहे. पडल्यानंतर हात गार पडणे, बोटांना बधिरता अथवा मुंग्या येणे, धाप लागणे, किंवा हाडाच्या टोकाने कातडी आतून ताणून पांढरी दिसू लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास आठवड्याची मुदत मोजत बसू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

२. जुळणे म्हणजे नेमके काय

मोड झाल्याबरोबर त्या जागी रक्त साकळते. हे साकळलेले रक्त निरुपयोगी नसून पुढील सर्व कामाची पायाभरणी तेच असते. काही दिवसांत तेथे सूज व नव्या रक्तवाहिन्या येतात. दोन-तीन आठवड्यांत टोकांमध्ये एक मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. पुढे त्यात चुना साठून त्याचे ओबडधोबड कठीण हाड बनते. आणि शेवटी, कित्येक महिने व कधी एक-दोन वर्षे, शरीर त्या ओबडधोबड गाठीला तासून मूळच्या आकाराजवळ आणीत राहते.

यातील दुसरा टप्पा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मऊ सांध्यात चुना नसतो, आणि क्ष-किरणांच्या चित्रात दिसते ते मुख्यतः चुन्यामुळे. म्हणून रुग्ण घरी ट्यूबलाइटसमोर फोटो धरून ती काळी रेघ पाहतो आणि ‘काहीच झाले नाही’ असे समजतो, त्या वेळी रेघेच्या जागी पुष्कळ काम झालेले असू शकते. फक्त त्याची नोंद चित्रात उतरलेली नसते. उलटपक्षी, वेदना संपली एवढ्यावरून हाड पक्के झाले असेही मानता येत नाही. डॉक्टर बोटाने मोडीवर दाबतात, खांदा हलवून पाहतात, जागा दुखते की नाही, टोके हलतात की नाही, याची खातरजमा करतात, आणि मग चित्राशी त्याची रुजुवात घालतात. दोन्ही साक्षी जुळल्या म्हणजे हाड जुळले.

किती काळ लागावा, याचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सा सांगताना बालवयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट, असे मान दिलेले आहे. आजच्या दवाखान्यातला हिशोब त्याहून फार वेगळा नाही: प्रौढ मनुष्यात वेदना व हालचालीच्या दृष्टीने सहा ते बारा आठवडे, आणि चित्रात पूर्ण भरलेले दिसण्यास त्याहून अधिक. सहा आठवडे ही जी मुदत सर्वांच्या तोंडी असते ती किमान मुदत आहे. पण माणसाच्या कानाला नेहमी आकड्यांतला लहान आकडा ऐकू येतो.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा एक चाळिशीचा गृहस्थ गुढीपाडव्याच्या दिवशी स्कूटरवरून पडला आणि त्या वर्षी अधिक मास नाही. हनुमान जयंतीला त्याला दोन आठवडे होतील. या वेळेस असह्य वेदना ओसरलेली असावी, पण हात झोळीतच. वैशाखी पौर्णिमेस सहा आठवडे होतील. या भेटीत चित्रात मोडीभोवती ढगासारखी पुसट छटा दिसू लागली तर काम मार्गी आहे असे समजावे, आणि दिसली नाही तरी एवढ्याने घाबरू नये. आषाढाच्या आरंभी, पालख्या वाटेवर असताना, तीन महिने भरतील. येथे पहिला खरा प्रश्न उपस्थित होतो: वैशाखातल्या चित्राच्या तुलनेत काही फरक पडला आहे काय? फरक असेल तर ते सावकाश जुळणारे हाड. नवरात्रात घट बसतील तेव्हा सहा महिने पुरे झालेले असतील, आणि त्या वेळीही फट जशीच्या तशी असून दाबल्यावर दुखत असेल, तर ते जुळण्याचे थांबलेले हाड, असे बहुतेक तज्ज्ञ म्हणतील. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यासाठी नऊ महिने उलटणे आणि त्यांतील शेवटच्या तीन महिन्यांत कोणतीही प्रगती नसणे अशी अधिक सावध व्याख्या केलेली आहे. मुदतीत मतभेद असले तरी दोन्हीकडे कसोटी एकच आहे, ती म्हणजे एका चित्राची दुसऱ्या चित्राशी तुलना. म्हणून जुने फोटो कपाटात टाकून देऊ नयेत. तारीखवार एका पाकिटात ठेवून प्रत्येक भेटीस सोबत न्यावेत.

३. थांबण्याच्या दोन तऱ्हा

कोकणात आंब्याचे कलम बांधताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढील गोष्ट सहज समजेल. रोपाचा शेंडा कापून त्यावर जातिवंत आंब्याची काडी बसवितात आणि वरून पट्टी घट्ट आवळतात. कलम फसते ते दोन कारणांनी. एक तर काडी व रोप दोन्ही जिवंत, रसरशीत असतात, पण पट्टी सैल राहिल्याने काडी वाऱ्याने हलत राहते. जखमेच्या कडा फुगतात, गाठ येते, पण एकजीव होत नाहीत. किंवा पट्टी उत्तम असते, पण काडीच वाळलेली असते. मग कितीही आवळले तरी तेथे काही उगवत नाही.

न जुळणाऱ्या हाडाच्याही नेमक्या याच दोन तऱ्हा आहेत. पहिलीत चित्रामध्ये मोडीच्या दोन्ही टोकांशी नव्या हाडाचे मोठे फुगीर गोळे दिसतात, मध्ये मात्र फट असते. शरीराची शक्ती शाबूत आहे, उणीव आहे ती स्थैर्याची. अशा हाडाला केवळ पक्का आधार मिळाला तरी ते बहुधा जुळते. दुसरीत टोके निमुळती, निस्तेज दिसतात आणि नव्या हाडाचा मागमूसही नसतो; येथे रक्तपुरवठा व पेशींचे कामच मंदावलेले असते, आणि आधाराबरोबर ताजे हाडही बाहेरून आणून घालावे लागते. आपले हाड यांपैकी कोणत्या तऱ्हेचे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. उपायाची दिशा त्यावर अवलंबून असते.

किती जणांवर ही वेळ येते? १९६० साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी मधल्या हिश्शातल्या, शस्त्रक्रियेवाचून उपचार केलेल्या २,२३५ मोडींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत फक्त ३ जुळल्या नव्हत्या. या आकड्याने डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना निश्चिंत केले, इतके की गळ्याचे हाड दोन्ही टोके एका खोलीत ठेवली तरी जुळते, असा विनोद रूढ झाला. पुढे २००४ साली एडिंबरा येथे ८६८ रुग्णांचा काळजीपूर्वक मागोवा घेतला गेला, तेव्हा चोवीस आठवड्यांनंतर १०० पैकी सुमारे ६ जणांचे हाड जुळलेले नव्हते. जुन्या मोजणीत लवकर जुळणारी लहान मुलेही समाविष्ट होती, हे या तफावतीचे एक कारण. विनोद करणाऱ्या डॉक्टरांनी शंभरातल्या त्या सहांची कैफियत कित्येक वर्षे मनावर घेतली नाही, असे मला म्हणावेसे वाटते. पण उरलेल्या चौऱ्याण्णवांच्या बाजूने पाहता त्यांचा भरवसा अगदीच निराधार नव्हता.

४. कोणाचे रखडते

वाढते वय, तुकड्यांची टोके एकमेकांना मुळीच न टेकणे, मधला भाग चुरला जाऊन तीन-चार तुकडे होणे, हाड दोन सेंटिमीटरहून अधिक आखूड होणे, आणि मोड बाहेरच्या टोकाशी असणे, यांनी धोका वाढतो. यांतील एकही गोष्ट रुग्णाच्या हातची नाही. मधुमेह ताब्यात नसणे आणि दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेत असणे याही बाबी डॉक्टरांना आपण होऊन सांगाव्यात.

रुग्णाच्या हातची म्हणावी अशी सर्वांत मोठी गोष्ट तंबाखू. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आणि विडी-सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो; ज्या जागी नवी रक्तवाहिनी पोचण्यावर सारे अवलंबून आहे तेथेच हा अडथळा. आमच्याकडे याला एक पळवाट काढली जाते. ‘मी ओढत नाही, फक्त मळून खातो,’ असे पुरुष म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या स्त्रिया तर त्यास व्यसनात मोजतच नाहीत. पण निकोटिन धुरातून गेले काय किंवा हिरडीतून गेले काय, ते रक्तातच जाते. डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का’ एवढेच विचारले तरी उत्तरात मिश्रीचा उल्लेख अवश्य करावा.

५. मधल्या काळात दिवस कसे काढावेत

प्रथम पट्ट्याविषयी. इजिप्तमधील एका पुरातन वैद्यकीय पपायरसात, ज्याची उपलब्ध प्रत सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीची आहे, गळ्याचे हाड मोडलेल्या मनुष्यास उताणे निजवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये घडी ठेवावी आणि खांदे फाकवून हाड जागेवर आणावे, असे सांगितले आहे. पाठीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आवळलेला पट्टा हा त्याच कल्पनेचा वंशज. तथापि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश तुलनेत असे दिसले की साध्या झोळीने आणि आठाच्या पट्ट्याने हाड सारखेच जुळते, आणि पट्टेवाल्यांना त्रास मात्र अधिक होतो. म्हणून झोळीवर समाधान मानणाऱ्या डॉक्टरला हलगर्जी समजू नये. पट्टा दिलाच असेल तर तो काखेत रुतत नाही, हात सुजत नाही आणि बोटांना मुंग्या येत नाहीत, हे रोज पाहावे. ‘जितका घट्ट तितका गुण’ हा समज चुकीचा आहे.

सदरा घालण्याची एक रीत आहे, ती पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. पुढून पूर्ण उघडणारा, एक माप मोठा सदरा घ्यावा. खाटेच्या काठावर बसून मोडका हात मांडीवर सैल सोडावा, घरातल्या कोणाला तरी बाही गोळा करून मनगटावरून दंडापर्यंत चढवू द्यावी, मग पाठीमागून कापड फिरवून चांगला हात दुसऱ्या बाहीत घालावा. काढताना क्रम उलटा, चांगला हात आधी व मोडका शेवटी. डोक्यावरून घालण्याचे बनियन या काळात नकोच. स्त्रियांना पोलक्यापेक्षाही वेणी घालणे जड जाते, कारण त्यासाठी दोन्ही हात मानेमागे न्यावे लागतात. ते काम मुलीकडे किंवा सुनेकडे सोपवावे, त्यात संकोच करू नये.

झोप हा दुसरा मोठा प्रश्न. सपाट निजले की खांदा मागे पडतो आणि टोके टोचतात. पाठीला तीन-चार उशा लावून अर्धवट बसल्यासारखे निजावे, कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी, म्हणजे हाताचे वजन हाडावर येत नाही. उठताना चांगल्या बाजूवर वळून पाय खाली सोडावेत; मोडक्या हाताने खाटेवर जोर देऊ नये. बैठ्या संडासातून उठताना मनुष्य नकळत दोन्ही हातांनी आधार घेतो, तेव्हा चांगल्या हाताच्या बाजूस भिंतीत दांडी बसवून घ्यावी, किंवा तात्पुरती कमोडची खुर्ची आणावी. उजवे हाड मोडले तर डाव्या हाताने जेवावे लागेल ही भीती मात्र व्यर्थ आहे. दंड अंगाला चिकटवून केवळ कोपरातून हात वाकवला तर ताट जरा उंचावर घेऊन उजव्या हाताने खुशाल जेवता येते, आणि तो कोपराचा व्यायामही होतो.

व्यायामाबाबत रुग्ण दोन टोकांना जातात. एक वर्ग हाड सरकेल या भीतीने तीन महिने हात पोटाशी धरून बसतो, आणि हाड जुळेपर्यंत खांदा आखडून जातो. मग हाडापेक्षा खांद्याचाच उपचार लांबतो. दुसरा वर्ग दुखणे कमी होताच पाण्याची बादली उचलतो. बोटे, मनगट व कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून करावी. वेदना ओसरू लागली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की कमरेतून वाकून, चांगला हात टेबलावर टेकून, मोडका हात सैल सोडावा आणि तो लहान वर्तुळात झुलू द्यावा. हात खांद्याच्या पातळीवर नेण्याची मुभा साधारण सहा आठवड्यांनंतर मिळते. ओझे उचलणे, सिलिंडर सरकवणे, लोकलच्या दारात दांडीला धरून उभे राहणे, हे हाड जुळल्याचा निर्वाळा मिळेपर्यंत वर्ज्य. दुचाकीसाठी कसोटी अशी की एकाएकी ब्रेक दाबून हँडल दोन्ही हातांनी आवळता आले पाहिजे. ते दुखत असेल तर दुसऱ्याच्या जिवालाही धोका आहे.

ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात या मोडीविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे: रुग्ण आरंभी फार घाबरलेले असतात आणि सर्व सूचना पाळतात, पण वेदना थांबली, खाणेपिणे-चालणे सुरळीत झाले की बेफिकीर होतात, आणि वैद्यही, हाड सुरेख बसविणे आपल्याला साधत नाही हे जाणून, हळूच अंग काढून घेतात. अडीच हजार वर्षांनीही या दोन्ही वर्गांत फारसा पालट झालेला दिसत नाही.

आता आहार. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एका भाकरीस ५० ग्रॅम पीठ धरले तर दोन भाकऱ्यांतून ३५०; गाईच्या दुधाचे दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर, यांतून सुमारे ४८०; वाटीभर दह्यातून शंभराहून थोडे अधिक. एकूण साडेनऊशेच्या घरात आकडा जातो, आणि प्रौढ मनुष्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिवसाला १,००० मिलिग्रॅमची शिफारस केलेली आहे. उरलेले डाळ व पालेभाजी पुरवितात. म्हणजे साध्या जेवणाने गरज भागते. गोळ्यांचा ढीग गिळल्याने हाड दुप्पट वेगाने जुळत नाही. नव्या हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो, म्हणून डाळी, कडधान्ये, अंडी, मासे यांकडे अधिक लक्ष द्यावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आपल्याकडे उन्हाच्या देशातही सर्रास आढळते. हाड रखडले असेल तर त्याची रक्ततपासणी करून घेणे योग्य, पण त्याची इंजेक्शने आपल्या मनाने घेत सुटणे घातक.

हाडवैद्याकडे जाण्याचा सल्ला देणारे कोणी ना कोणी भेटतेच. कांडवेलीचा किंवा आंबेहळदीचा लेप कातडी शाबूत असता फारसे नुकसान करीत नाही. पण मोडीवर तेल लावून रगडणे आणि ‘हाड बसवितो’ म्हणून खांदा ओढणे यांना ठामपणे नकार द्यावा. ज्या मऊ सांध्यासाठी शरीराने तीन आठवडे खर्च केले तो एका रगडण्यात फाटतो, आणि खाली रक्तवाहिन्या आहेत हे वर सांगितलेच आहे.

नोकरदारांना रजेची विवंचना असते. येथे डॉक्टरांकडून नुसता ‘विश्रांतीची गरज’ असा मोघम दाखला घेऊ नये. ‘ओझे उचलण्यास व हात खांद्यावर नेण्यास मनाई, बसून लेखी काम करण्यास हरकत नाही’ असा तपशीलवार दाखला मागावा. त्यामुळे रजेस मुदतवाढ मागण्याचा अर्ज वारंवार करावा लागत नाही, आणि कचेरीतील साहेबालाही हलके काम देण्याची तजवीज करता येते.

६. शस्त्रक्रियेचा विचार

हाड खरोखरच थांबले आहे असे ठरले, आणि ते दुखत असेल, खांद्यात जोर येत नसेल, अथवा फुगीर गोळ्याचा दाब पडून हाताला मुंग्या येत असतील, तर शस्त्रक्रिया सुचविली जाते. फटीतला मऊ भाग काढून, टोके ताजी करून, हाडाच्या आकाराची धातूची पट्टी स्क्रूंनी बसवितात. दुसऱ्या तऱ्हेच्या मोडीत कंबरेच्या हाडाच्या कडेतून थोडे ताजे हाड काढून फटीत भरतात. दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत यानंतर हाड जुळते. छेदाखाली छातीच्या वरच्या भागात हातभर नव्हे, पण तळहाताएवढी जागा बधिर राहू शकते, कारण कातडीचे बारीक तंतू तेथूनच जातात; ही गोष्ट आधी ठाऊक असली म्हणजे नंतर धसका बसत नाही. बारीक अंगाच्या माणसाला पिशवीचा पट्टा किंवा सीटबेल्ट धातूच्या पट्टीवर घासतो, आणि मग हाड पुरते भरल्यावर ती काढण्यासाठी पुन्हा एकदा टेबलावर निजावे लागते.

हाडाची वाढ चेतविणाऱ्या ध्वनिलहरींचे यंत्र भाड्याने घेण्याचा सल्लाही कानी येतो. पायाच्या नळीच्या हाडावर ५०१ रुग्णांत त्याची परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असलेल्यांत आणि नुसते दिखाऊ यंत्र लावलेल्यांत फरक आढळला नाही. खिशाला हात घालण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

“मग पहिल्याच दिवशी शस्त्रक्रिया का केली नाही?” हा यापुढचा स्वाभाविक प्रश्न, आणि यात थोडी रागाची छटा असते. २००७ साली कॅनडातील तज्ज्ञांनी, टोके पूर्ण सरकलेल्या मधल्या मोडींची अशी तुलना प्रसिद्ध केली: झोळीवर ठेवलेल्या ४९ जणांपैकी ७ जणांचे हाड जुळले नाही, आरंभीच पट्टी बसविलेल्या ६२ पैकी २ जणांचे जुळले नाही. शेकड्याने मांडले तर सुमारे १४ आणि ३. फरक ११ चा. म्हणजे एका मनुष्याचे रखडणे टाळण्यासाठी सुमारे नऊ जणांवर सुरी चालवावी लागते, आणि त्यांतील आठ जणांना तिचा या बाबतीत काही उपयोग होत नाही. त्यांच्या वाट्यास जंतुदोषाची भीती, व्रण आणि कदाचित पट्टी काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया येते. दोन्ही हातांनी लवकर काम सुरू करणे ज्याला भाग आहे अशा तरुण सुताराने हा सौदा पत्करावा, आणि मधुमेही आजीबाईंनी नाकारावा, यात विसंगती काही नाही.

आजीबाईंचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. उतारवयात हाडाच्या बाहेरच्या टोकाशी झालेली मोड कित्येकदा जुळतच नाही; तेथे चिवट तंतूंचा सांधा तयार होऊन राहतो, चित्रात फट कायम दिसते, आणि तरीही तो हात न दुखता देव्हाऱ्यापर्यंत, चुलीपर्यंत, फडताळाच्या मधल्या फळीपर्यंत पोचत असतो. अशा वेळी मुले फोटो घेऊन दुसऱ्या, तिसऱ्या तज्ज्ञाकडे धावतात. तज्ज्ञ जाणता असेल तर तो फोटो बाजूस ठेवून आजींना हात वर करावयास सांगतो, दुखते का म्हणून विचारतो, आणि ‘नाही’ असे उत्तर आले की औषधाची चिठ्ठीही न लिहिता त्यांना घरी पाठवितो.